खंजिरी भजनाचं घरगुती रेकॉर्डिंग: नागपुरातल्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात मानेवाड्याकडच्या एका घरात दर गुरुवारी संध्याकाळी भजन होतं. मंडळ जुनं आहे, सात जणांचं. मुख्य गायक सत्तरीला टेकलेले निवृत्त शिक्षक. वस्तीत त्यांना सगळे भाऊ म्हणतात, म्हणून मीही इथे भाऊच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (1909–1968) विदर्भातल्या गावोगावी पोचलेलं खंजिरी भजन ही या मंडळाची परंपरा. यात गाणाराच खंजिरी वाजवतो. ती छातीच्या उंचीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर असते आणि तिच्या झांजांचा आवाज कानात शिरेल इतका धारदार असतो. सोबतीला पेटी, तबला, टाळ आणि मागे धरणारे तिघं. गाणं सुरू होतं संथ, आणि शेवटच्या अंतऱ्यापर्यंत लय दीडपट झालेली असते.

मंडळाचे तबलजी त्या हिवाळ्यात आजारी पडले, बरे झाले, पण सगळ्यांना एक धास्ती लागून गेली. भाऊंच्या तोंडपाठ असलेली तीसेक भजनं आहेत, त्यातल्या काहींच्या चाली दुसऱ्या कोणाला येत नाहीत. ती नीट रेकॉर्ड व्हावीत आणि ऑक्टोबरात महाराजांच्या पुण्यतिथीपर्यंत हाती यावीत, असं ठरलं. मार्च महिना होता. वर्गणीतून 50 हजार रुपये उभे राहिले. भाऊंचा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मामांकडेच राहत होता. तांत्रिक बाजू त्याने अंगावर घेतली. मी दोन गल्ल्या सोडून राहतो, कार्यक्रमांचं साउंड सांभाळायचं काम बरीच वर्षं केलंय. मला बोलावणं आलं ते पहिली खरेदी चुकल्यावर.

अडचण

तोवरचं रेकॉर्डिंग मोबाइलवर व्हायचं. घरातली सून, म्हणजे वहिनी, फोन टीव्हीच्या शोकेसवर उभा करून ठेवायची. मी त्या फायली ऐकल्या. खंजिरीची थाप पडली की भाऊंचा आवाज मागे जातो आणि अर्ध्या सेकंदाने पुन्हा वर येतो. मोठा आवाज आला की मोबाइल आपणहून पातळी खाली ओढतो, त्याचा हा परिणाम. लय वाढली की थापा जवळजवळ येतात आणि मग गायकाला वर यायला वेळच मिळत नाही. ज्या अंतऱ्यात भाऊ सगळ्यात जीव ओतून गातात, नेमका तिथेच आवाज पार बुडतो.

प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर असेल तर नंतर खंजिरी कमी करता येईल, पेटी थोडी वर घेता येईल, हा भाच्याचा विचार अगदी बरोबर होता. म्हणून त्याने शहरातल्या एका दुकानातून 9,500 रुपयांचा आठ चॅनेलचा मिक्सर आणला. वर ‘यूएसबी’ लिहिलेलं. आठ चॅनेल आणि यूएसबी, म्हणजे संगणकात आठ ट्रॅक येणार, असं त्याला वाटलं आणि दुकानदारानेही मान डोलावली. घरी जोडल्यावर संगणकात दोनच ट्रॅक दिसले, डावा आणि उजवा.

ही चूक इतकी सर्रास होते की इथे थांबून सांगतो. स्वस्त यूएसबी मिक्सरमध्ये सगळे चॅनेल आधी आतल्या आत एकत्र होतात आणि तयार झालेला स्टीरिओ आवाज तेवढा यूएसबीतून बाहेर पडतो. एकदा कालवलेलं पुन्हा वेगळं होत नाही. प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे संगणकात पाठवणारे मिक्सरही मिळतात, पण त्यांना ‘मल्टिट्रॅक’ म्हणतात आणि किंमत बरीच वर असते. ओळखायची खूण सोपी आहे: माहितीपत्रकात यूएसबीच्या ओळीत किती इन आणि किती आउट लिहिलंय ते वाचायचं. या मिक्सरच्या डब्यावर ‘2 इन / 2 आउट’ असं बारीक अक्षरात छापलेलं होतं. तो मिक्सर आम्ही 6,000 ला विकला. 3,500 रुपये आणि तीन आठवडे गेले.

निर्णयाची पहिली जागा: एकूण किती, की एकाच वेळी किती?

मी घरी गेलो तेव्हा भाच्याने पर्यायांचा मोठा तक्ता केला होता. कोणत्या यंत्रात किती ट्रॅक, हा त्यातला मुख्य रकाना. मी त्याला म्हटलं, हा रकाना आधी पूस. संगणकात ट्रॅक हवे तितके घेता येतात. पैसे लागतात ते एकाच क्षणी किती आवाज वेगळे पकडायचे, याला.

एकटा माणूस घरी गिटार वाजवून, मग त्यावर गाऊन, मग तिसरं वाद्य टाकून गाणं बांधत असेल, तर त्याला दोन इनपुटांचा (म्हणजे दोन माईक किंवा वाद्यं जोडता येणारा) साधा इंटरफेस, आवाज संगणकात पोचवणारा डबा, आयुष्यभर पुरतो. थरावर थर चढवायचा. चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर घरोघरचे गायक हेच करत. टास्कॅम कंपनीचं असं पहिलं यंत्र, पोर्टास्टुडिओ, 1979 साली आलं ते याच कामासाठी. खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग सगळ्यात हलका, म्हणून आधी तोच करून बघितला. माझ्याकडचा दोन इनपुटांचा इंटरफेस आठवडाभर त्यांच्या घरी ठेवला.

आधी पेटी आणि तबला घेतला. मग भाऊंना हेडफोन लावून त्यावर नुसतं गायला सांगितलं, खंजिरी नंतर घेऊ म्हणून. भाऊंनी दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“माह्या हातात खंजिरी नसन तं मले गळाच सुटत नाही रे बाप्पा. अन् लय कोन वाढवन? मी वाढवतो तवा तबला येते मांगून. इथं तं तबला पयलेच पुढे चालला.”

ते ऐकल्यावर माझ्या डोक्यातला प्रश्न मिटला. या भजनात लय गायकाच्या मनगटात असते, बाकीचे त्याच्या मागे येतात. थर चढवायचे तर कोणीतरी आधी लय बांधून द्यावी लागते, आणि ती बांधली की भजनाचा प्राण जातो. भाच्याने मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं साधन, लावूनही बघितलं. ते तर कवायतीसारखं वाजलं. म्हणजे सगळ्यांनी एकत्र, एका खोलीत, एकाच वेळी वाजवायचं, हे नक्की झालं.

मग मोजलं. भाऊंचा गळा एक, खंजिरी दोन, पेटी तीन, तबला चार, मागे धरणारे आणि टाळ मिळून पाच. किमान पाच इनपुट हवेत.

समोरचे पर्याय

सगळ्यात स्वस्त सूचना मंडळातल्याच एकाची होती: यूएसबीचे पाच माईक घ्या आणि लॅपटॉपला जोडा. ती चालत नाही. प्रत्येक यूएसबी माईकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं आणि कोणतीही दोन घड्याळं तंतोतंत एका चालीने चालत नाहीत. दहा लाखात 50 इतकाच फरक धरला तरी 6 मिनिटांच्या भजनात शेवटी 18 मिलिसेकंदांची तफावत पडते. तेवढ्यात खंजिरीची एक थाप दोनदा वाजल्यासारखी ऐकू येऊ लागते.

चार इनपुटांचा इंटरफेस, उदाहरणार्थ बेहरिंगरचा यूएमसी404एचडी, किमतीला छान होता, पण एक इनपुट कमी पडत होता. खंजिरी आणि गळा एकाच माईकवर घेतला असता तर मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

वर टास्कॅमचं मॉडेल 12 किंवा बेहरिंगरचा एक्सआर18 यांसारखी यंत्रं होती. कामाला चोख, पण तेवढ्यात सगळी वर्गणी संपून माईकला पैसाच उरला नसता.

खरी चुरस दोघांत होती. एक, आठ माईक घेणारा बेहरिंगरचा यूएमसी1820, जो आम्हाला 23,500 ला मिळत होता. दुसरा, झूमचा एच6 हा हातात मावणारा रेकॉर्डर. त्याला चार माईक बाहेरून जोडता येतात आणि माथ्यावर स्टीरिओ माईकची जोडी असते, असे एकूण सहा ट्रॅक. तो चार पेन्सिल सेलवर चालतो, एसडी कार्डावर रेकॉर्ड करतो आणि लॅपटॉप लागतच नाही. त्याचा भाव 32 हजारांच्या आसपास सांगितला गेला.

बजेट बघताना एक हिशेब बहुतेक जण विसरतात. इंटरफेस म्हणजे अर्धाच खर्च. प्रत्येक इनपुटमागे एक माईक, एक स्टँड आणि एक एक्सएलआर (माईकची तीन पिनांची) केबल. भाच्याच्या मूळ तक्त्यात यातलं काहीच नव्हतं.

निर्णयाची दुसरी जागा: यूएमसी1820 की एच6?

भाच्याचा कल आठ इनपुटांकडे. पुढे ढोलकी आली, सनई आली तर? शिवाय यूएमसी1820 ला मागून एडीएटीच्या, म्हणजे एकाच ऑप्टिकल केबलीतून आठ आवाज नेणाऱ्या जोडणीच्या, वाटेने आणखी आठ इनपुट जोडता येतात. लॅपटॉप आठ वर्षांचा आहे म्हणून भाऊंना काळजी होती. ती मी दूर केली, आणि तो मुद्दा आजही मला बरोबर वाटतो: नुसतं रेकॉर्ड करायला फार ताकद लागत नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जाला एक ट्रॅक सेकंदाला 144 किलोबाइट लिहितो. पाच ट्रॅक मिळून मिनिटाला 43 मेगाबाइट, दीड तासाला साधारण 4 जीबी. जुनी हार्डडिस्कही हे आरामात पेलते. लॅपटॉप अडखळतो तो गायकाला त्याचाच आवाज संगणकातून परत ऐकवताना. तिथे उशीर चालत नाही म्हणून बफर, म्हणजे संगणक एका वेळी जमवून घेतो तो आवाजाचा तुकडा, लहान ठेवावा लागतो आणि सगळा ताण प्रोसेसरवर येतो. आमच्याकडे कोणी हेडफोन लावणारच नव्हतं. बफर बिनधास्त 1024 सॅम्पलवर ठेवला. त्याने 21 मिलिसेकंदांचा उशीर होतो, पण तो ऐकतंय कोण?

एच6 च्या बाजूने वहिनी एकदाच बोलली. चहा देताना म्हणाली, “मामाजींना लाल बटन दाबता येईल असं काही घ्या ना, भाऊजी.” आम्ही तिघंही तेव्हा इनपुट मोजण्यात गुंतलो होतो.

यूएमसी1820 घेतला.

काय केलं

खर्च असा झाला: इंटरफेस 23,500. मंडळाकडे गाण्याचा एक चांगला डायनॅमिक माईक होता, आणखी चार साधे डायनॅमिक माईक 8,800. पाच स्टँड 4,000, केबल 2,250, कान झाकणारा हेडफोन 3,000. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा सवलतीचा परवाना 60 डॉलर, म्हणजे तेव्हाचे 5,000 रुपये. तो 60 दिवस वापरून बघता येतो, पण भाऊंनी “ज्याचं त्याले देऊन टाका” म्हणून पहिल्याच आठवड्यात भरायला लावले. मिक्सरचा तोटा धरून 50,050 झाले.

कंडेन्सर माईक मुद्दाम टाळले. ते बारकावे सुंदर पकडतात, पण खोलीतलं सगळंच पकडतात, आणि ही खोली म्हणजे बारा बाय चौदाचा हॉल, स्लॅबचं छत आणि खाली गुळगुळीत फरशी. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या घरात. कूलर लावला तर घोंघाट, बंद केला तर पेटीवाल्यांच्या हाताला घाम. शेवटी पहाटे पाचला बसायचं ठरलं. तेव्हा आपला कूलर बंद ठेवता येतो आणि शेजाऱ्यांचाही बऱ्यापैकी थंडावलेला असतो. भिंतींना दोरी बांधून घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या दोन-दोन घातल्या. खोलीचा घुमारा अर्ध्याहून कमी झाला आणि त्याला एक रुपया लागला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला भाऊंच्या माईकवर. कार्यक्रमात माईक समोर किंवा किंचित वरून लावतात. इथे तसा लावला की माईकचं तोंड गळ्यामागे थेट खंजिरीकडे बघतं. कार्डिऑइड माईक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं जवळपास ऐकत नाही. म्हणून स्टँड बुटका केला आणि माईक खालून वर, हनुवटीच्या दिशेने रोखला. आता माईकची पाठ खंजिरीकडे आली. भाऊ मांडी घालून बसले, दोन थापा मारल्या. हेडफोनमध्ये खंजिरी पलीकडच्या खोलीत गेल्यासारखी वाटली आणि गळा समोर आला. त्या क्षणी भाच्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते मला अजून आठवतं.

खंजिरीचा माईक बाजूने वीतभर अंतरावर ठेवला आणि दुसरा कोणताही माईक त्याच्यापासून निदान तीन वितींवर राहील, असं बघितलं. आवाजापासून माईक जितका दूर, त्याच्या तिपटीने दुसरा माईक दूर, हा जुना नियम घरात फार उपयोगी पडतो. पेटीचा माईक भात्याकडून न लावता पुढून, वरच्या बाजूला धरला, नाहीतर भात्याचा श्वास सुरांवर चढतो. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, मात्र पहिल्या दिवशी चुकला. भाऊ चाचणीला हळू वाजवतात आणि भजनात शेवटी दुप्पट जोर लावतात, त्यामुळे दोन भजनांत रेकॉर्डिंगमध्ये खंजिरीचा आवाज फाटला. पुढे शेवटच्या अंतऱ्याच्या जोराने वाजवायला लावून सगळ्यात मोठी थाप उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली (शून्य ही आवाज फाटायची हद्द). 24 बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडली तरी आवाजाचा दर्जा खालावत नाही.

दोन दुखणी विजेची. पहिल्या सकाळी सगळ्या ट्रॅकवर बारीक गुणगुण होती. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली, तेव्हापासून रेकॉर्डिंग बॅटरीवरच. दुसरं, जूनच्या पहिल्या वळवाला वीज गेली. घराचा इन्व्हर्टर सुरू झाला, पण मधल्या झटक्यात इंटरफेस बंद पडून पुन्हा चालू झाला आणि संगणकाने त्याला सोडून दिलं. चौथं भजन अर्ध्यावर गेलं. शिवाय इन्व्हर्टर जुन्या धाटणीचा, त्यावर असताना पेटीच्या ट्रॅकमध्ये घरघर यायची. इंटरफेसला संगणकाचा छोटा यूपीएस लावला आणि वीज गेली तर चहा प्यायचा, असा नियम केला.

निष्पत्ती

ऑगस्ट अखेरीला 27 भजनं हाती होती. मिक्सिंग भाच्याने आणि मी मिळून केलं, त्यात करामत काहीच नाही. खंजिरी खाली, गळा वर, पेटी किंचित डावीकडे, तबला उजवीकडे. पुण्यतिथीच्या आठवड्यात मंडळाने ती पेनड्राइव्हवर घालून वस्तीत वाटली. तबलजींनी स्वतःचा तबला इतका स्वच्छ पहिल्यांदाच ऐकला आणि एका भजनातली आपली चूक दाखवून ते पुन्हा वाजवायला लावलं.

डिसेंबरात भाच्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला आणि यूएमसी1820 दिवाणाखाली गेला. जानेवारी ते एप्रिल, चार महिने एकही रेकॉर्डिंग झालं नाही. उरलेली तीन भजनं राहून गेलेली, आणि भाऊंना आणखी सात आठवली होती. मी अधूनमधून जायचो, पण माझं काम ऐन लग्नसराईत. कोणाला लॅपटॉपमध्ये काय उघडायचं ते माहीत नव्हतं.

मे महिन्यात वहिनीचा फोन आला. “भाऊजी, मला एकदा बसून दाखवाल का? मी लिहून घेते.” दोन सकाळी बसलो. मोबाइलवरच्या जुन्या सगळ्या फायलींना तिने तारीख आणि भजनाची पहिली ओळ अशी नावं दिली होती, सहा वर्षांच्या. या घरात रेकॉर्डिंगची सवय कोणाला होती, हे त्या फायली पहिल्याच दिवशी सांगत होत्या. मी त्या ऐकल्या, पण त्यांची नावं वाचली नाहीत. रीपरमध्ये पाच ट्रॅक, त्यांची नावं आणि इनपुट आधीच जोडलेला एक साचा करून दिला. माईकच्या जागी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या. जून अखेरीला उरलेली दहाही भजनं झाली, सगळी तिने घेतलेली.

वेगळं काय करता आलं असतं

आज तेच 50 हजार घेऊन बसलो तर मी एच6 कडे झुकेन. गळा, खंजिरी, पेटी आणि तबला हे चार माईकवर, मागे धरणारे आणि टाळ त्याच्या माथ्यावरच्या जोडीवर. पाचही आवाज वेगळे राहिले असते. सेलवर चालतो, म्हणून इन्व्हर्टर, चार्जर आणि यूपीएस हे तिन्ही प्रश्न आलेच नसते. एक माईक कमी, स्टँड कमी, सॉफ्टवेअर मिक्सिंगच्या वेळी कोणाच्याही संगणकावर. आठातले तीन इनपुट आजवर एकदाही वापरले गेलेले नाहीत. ज्या घरात एखादा मुलगा कायम राहणार आहे आणि त्याला संगणकाची हौस आहे, तिथे मात्र यूएमसी1820 हीच चांगली खरेदी, हेही तितकंच खरं.

दुसरं, खरेदीच्या आधी विचारायचा एक प्रश्न आम्ही विचारलाच नाही: वर्षभराने यावर बोट कोणाचं असेल? वहिनीने तो चहा देताना विचारला होता. तेव्हा तिला खुर्ची देऊन बसवलं असतं तर चार महिने वाचले असते.

तिसरं छोटं आहे. उधारीचा दोन इनपुटांचा इंटरफेस आम्ही मिक्सर घेतल्यावर आणला, तो आधी आणायला हवा होता. आठवडाभर मागून आणलेल्या वस्तूने भाऊंच्या लयीबद्दल जे सांगितलं, ते कोणत्याही तक्त्यात नव्हतं.

यूएमसी1820 आता दिवाणाखालून निघून शोकेसवर, जिथे फोन उभा राहायचा तिथेच आलाय. शेजारच्या भिंतीवर वहीच्या पानावर लिहिलेल्या नऊ पायऱ्या चिकटवल्यात. पहिली: कूलर बंद. चौथी: चार्जर काढा. सातवीला लाल पेनाने दोनदा रेघ मारली आहे: मामाजींना जोरात वाजवायला सांगा, मग गेन.